वनस्पतीजन्य इंधन : टाकीत किती, ताटात किती?

आपल्या हॉस्टेलच्या पार्किंगमधली कुठलीही बाइक घ्या. तिच्या टाकीतल्या पेट्रोलचा जवळजवळ पाचवा हिस्सा तेलविहिरीतून आलेला नाही, तो शेतातून आलेला आहे. २०२५ मध्ये आपल्या देशात पेट्रोलमधल्या इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोचले आणि ज्याला ई-२० म्हणतात ते पेट्रोल हेच पंपावरचे साधे पेट्रोल झाले. म्हणजे आपल्याला माहीत असो वा नसो, आपण सगळे वनस्पतीजन्य इंधनावरच फिरतोय.

यावर कँटीनमध्ये दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, "छान झालं, अरबांना जाणारा पैसा आपल्या शेतकऱ्याला मिळतोय." दुसरी म्हणते, "कसलं छान? ॲव्हरेज पडलं, आणि वरून उसाला पाणी किती लागतं माहितीये का?" गंमत अशी की दोन्ही पार्ट्यांचे म्हणणे खरे आहे. मग निर्णय कसा करायचा? आपण इंजिनीअर होणार आहोत, तेव्हा भांडण्याऐवजी हिशेब मांडून बघू. आधी थोडा इतिहास, मग इंजिनात काय होते, मग फायदे-तोटे, आणि शेवटी खरा मुद्दा.

थोडा इतिहास

वनस्पतीजन्य इंधन ही काही नवी टूम नाही. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात एक छोटे डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले होते. रुडॉल्फ डिझेलने स्वतः पुढे या प्रयोगाचा उल्लेख केला आहे. पण खनिज तेल स्वस्त होते, मुबलक होते, त्यामुळे ही कल्पना बाजूला पडली.

आपल्याकडे पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळण्याबद्दलचा पॉवर अल्कोहोल कायदा १९४८ चा आहे. प्रत्यक्षात गाडी हलली ती २००१ मध्ये. त्या वर्षी प्रायोगिक तत्त्वावर ज्या ठिकाणी इथेनॉल मिसळलेले पेट्रोल दिले गेले, त्यांत आपल्या महाराष्ट्रातली दोन होती : मिरज आणि मनमाड. जानेवारी २००३ पासून नऊ राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू झाले. पुढे दुष्काळात ऊस कमी पडला, मळी कमी पडली, आणि कार्यक्रम रखडला. २०१८ च्या जैवइंधन धोरणात २० टक्क्यांचे उद्दिष्ट २०३० साठी ठेवले होते, ते नंतर अलीकडे आणले. जून २०२२ मध्ये १० टक्के झाले आणि २०२५ मध्ये २० टक्के. एवढ्या मोठ्या देशात तीन वर्षांत प्रमाण दुप्पट करणे ही सोपी गोष्ट नाही, हे मान्यच केले पाहिजे.

इथेनॉल इंजिनात गेल्यावर काय होते?

आधी आकडे बघू. पहिला आकडा पेट्रोलचा, दुसरा शुद्ध इथेनॉलचा. सगळे साधारण आहेत.

१) एका लिटरमधली ऊर्जा : ३२ मेगाज्यूल, २१ मेगाज्यूल
२) पूर्ण ज्वलनासाठी हवा-इंधन प्रमाण (वजनाने) : १४.७ ला १, ९ ला १
३) ऑक्टेन क्रमांक : ९१, १०८
४) एक किलो इंधनाची वाफ करायला लागणारी उष्णता : ३५० किलोज्यूल, ८५० किलोज्यूल
५) इंधनातला ऑक्सिजन (वजनाने) : जवळजवळ नाही, ३५ टक्के

आता ॲव्हरेजचे गणित. ई-२० च्या एका लिटरमध्ये ०.८ × ३२ = २५.६ आणि ०.२ × २१ = ४.२, म्हणजे एकूण २९.८ मेगाज्यूल. साध्या पेट्रोलपेक्षा सुमारे ७ टक्के कमी. हे थर्मोडायनॅमिक्स आहे, त्याला कोणी नाही म्हणू शकत नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही मूळ पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० ला जुळवलेल्या चारचाकीचे ॲव्हरेज ई-२० वर ६ ते ७ टक्के, तर दुचाकीचे ३ ते ४ टक्के घटेल असे दिले आहे. ई-१० साठी बनवून ई-२० ला जुळवलेल्या चारचाकीत ही घट १ ते २ टक्केच राहते.

ही घट कमी कशी होते? इथेच ऑक्टेन कामाला येतो. ऑक्टेन जास्त म्हणजे नॉकिंग कमी. नॉकिंग कमी म्हणजे कॉम्प्रेशन रेशो वाढवता येतो, आणि तो वाढला की एफिशिअन्सी वाढते, हे आपण ऑटो सायकलमध्ये शिकलोच आहोत. शिवाय इथेनॉलची वाफ होताना ते आतली हवा थंड करते, त्यामुळे सिलिंडरमध्ये हवा जास्त मावते. थोडक्यात, इथेनॉलसाठी इंजिन बनवले तर ते बरेचसे भरून काढते. पेट्रोलसाठी बनवलेल्या इंजिनात ते नुसते ओतले तर तोटा होतो.

जुन्या गाड्यांचा प्रश्न वेगळा. कार्ब्युरेटरचा जेट ठरलेल्या मापाचा असतो. इथेनॉलला हवा कमी लागते, त्यामुळे त्याच जेटमधून मिश्रण लीन होते, गाडी गरम होते, पिकअप मार खातो. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर असतो, तो हे सांभाळून घेतो. जुने रबरी पाइप, ओरिंग, गॅस्केट इथेनॉलने फुगतात किंवा कडक होतात. इथेनॉल हवेतले बाष्प ओढते, आणि पाणी ठरावीक प्रमाणाबाहेर गेले की पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊन टाकीच्या तळाशी बसतो. म्हणून सुट्टीत दोन-दोन महिने गाडी पावसात उभी ठेवून घरी जाणाऱ्यांनी जरा लक्ष द्या. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांत ई-२० ला चालणारे साहित्य वापरलेले आहे, त्याआधीच्या गाड्यांसाठी कंपनीचे मॅन्युअल बघणे बरे.

आणि डिझेलचे काय?

डिझेल इंजिनासाठी वनस्पती तेल लागते : सोयाबीन, पाम, करंज, मोगली एरंड, किंवा चक्क वापरलेले तळणीचे तेल. पण तेल तसेच ओतले तर चालत नाही. ४० अंशाला डिझेलची व्हिस्कॉसिटी २ ते ४.५ सेंटिस्टोक असते, तर खाद्यतेलाची ३० ते ४०. एवढे जाड तेल इंजेक्टरमधून नीट फवारले जात नाही, अर्धवट जळते, आणि नोझलवर काजळी धरते.

यावर उपाय म्हणजे ट्रान्सएस्टरिफिकेशन. तेलाच्या एका रेणूत ग्लिसरॉलला तीन फॅटी ॲसिडच्या साखळ्या जोडलेल्या असतात. कॉस्टिक सोडा किंवा कॉस्टिक पोटॅशच्या साहाय्याने, ६० अंशांच्या आसपास, मिथेनॉलबरोबर अभिक्रिया केली की त्या साखळ्या सुटतात आणि मिथाइल एस्टर तयार होते. हेच बायोडिझेल. व्हिस्कॉसिटी ४ ते ६ वर येते. वजनाच्या सुमारे १० टक्के ग्लिसरॉल खाली बसते, ते साबणाला आणि इतर उद्योगांना चालते.

बायोडिझेलमध्ये गंधक जवळजवळ नसते, वंगण चांगले होते, सिटेन क्रमांकही चांगला असतो. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने २००२ मध्ये जुन्या चाचण्यांचे आकडे एकत्र केले, तेव्हा २० टक्के मिश्रणावर धुरातले कण सुमारे १० टक्के, कार्बन मोनॉक्साइड ११ टक्के आणि न जळलेले हायड्रोकार्बन २१ टक्के कमी आढळले, पण नायट्रोजनची ऑक्साइडे २ टक्के वाढली. थंडीत पामचे बायोडिझेल गोठू लागते. आणखी एक बारीक मुद्दा : त्यात लागणारे मिथेनॉल बहुतेक वेळा नैसर्गिक वायूपासून किंवा कोळशापासून बनते. म्हणजे 'शंभर टक्के वनस्पतीजन्य' असे जे म्हटले जाते ते पूर्ण खरे नाही.

फायदे

१) परकीय चलन : आपण गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो. जेवढे इथेनॉल घरचे, तेवढी आयात कमी.

२) साखर कारखान्याला आधार : साखर जास्त झाली की भाव पडतो आणि शेतकऱ्याचे उसाचे बिल थकते. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून ठरलेल्या दराने मिळतात, त्यामुळे कारखान्याच्या हातात रोकड खेळती राहते. ज्यांच्या घरी ऊस आहे त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

३) धूर : नीती आयोगाच्या त्याच अहवालानुसार ई-२० वर कार्बन मोनॉक्साइड दुचाकीत सुमारे निम्म्याने आणि चारचाकीत सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतो. हायड्रोकार्बनही घटतात.

४) कार्बनचे चक्र : ऊस वाढताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि जळताना तोच परत सोडतो. खनिज तेल मात्र लाखो वर्षे गाडलेला कार्बन बाहेर काढते.

५) सध्याच्याच गाड्या, सध्याचेच पंप : बॅटरीच्या गाडीसारखी नवी व्यवस्था उभारावी लागत नाही.

तोटे

१) कमी ऊर्जा आणि जुन्या गाड्यांचा त्रास, हे वर आलेच.

२) ॲसिटाल्डिहाइडसारखी ॲल्डिहाइडे इथेनॉलच्या धुरात वाढतात.

३) कार्बनचे चक्र कागदावर जेवढे गोल दिसते तेवढे प्रत्यक्षात नसते. युरिया बनवायला गॅस लागतो, पंपाला वीज, ट्रॅक्टरला डिझेल. शेतात टाकलेल्या नत्रातून नायट्रस ऑक्साइड सुटतो, तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा २५० पटींहून अधिक तापदायक आहे. ब्राझीलच्या उसात एक एकक खनिज ऊर्जा घातली तर सुमारे आठ एकके मिळतात, कारण बॉयलर चिपाडावर चालतो. अमेरिकेच्या मक्यात हा आकडा दीडच्या आसपास घुटमळतो.

४) जंगलतोड : इंधनासाठी पीक घेतले, म्हणून अन्नाचे पीक दुसरीकडे गेले आणि तिथे जंगल कापले गेले, तर फायदा उलटतो. २००८ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात टिमोथी सर्चिंजर आणि सहकाऱ्यांनी हेच मांडले, की हे धरले तर मक्याचे इथेनॉल तीस वर्षांच्या हिशेबात पेट्रोलच्या जवळजवळ दुप्पट उत्सर्जन करते. आकड्यांवर वाद झाले, पण हा प्रश्न तेव्हापासून कोणाला टाळता आला नाही.

५) स्पेंट वॉश : मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना साधारण ८ ते १५ लिटर काळे, आम्लधर्मी सांडपाणी तयार होते. बायोगॅस, कंपोस्ट किंवा बॉयलरमध्ये जाळणे असे त्याचे उपाय आहेत. ते नीट केले नाहीत तर आसपासच्या विहिरी जातात.

६) पाणी आणि अन्न. हा सगळ्यात मोठा मुद्दा, म्हणून त्याचा हिशेब वेगळा मांडतो.

एका टाकीचे चार हिशेब

आपल्या बाइकची टाकी दहा लिटरची धरू. ई-२० म्हणजे त्यात दोन लिटर इथेनॉल. हे दोन लिटर आले कुठून? रेणू तोच, वासही तोच. पण त्यामागचा खर्च चार प्रकारे अगदी वेगळा येतो.

पहिला हिशेब, मळी : एक टन उसातून शंभर किलोच्या आसपास साखर निघते आणि शेवटी जी मळी, म्हणजे मोलॅसिस उरते तिच्यातून साधारण १० लिटर इथेनॉल मिळते. आपले दोन लिटर म्हणजे २०० किलो उसाची मळी. त्याच उसाची २० किलो साखर आधीच बाजारात गेलेली आहे. शेत आणि पाणी साखरेच्या खात्यावर पडले. इथेनॉलने त्यात विशेष भर घातली नाही.

दुसरा हिशेब, उसाचा रस : साखर न करता थेट रसापासून इथेनॉल केले तर टनाला सुमारे ७० लिटर मिळते. दोन लिटरसाठी २९ किलो ऊस पुरतो. ऐकायला भारी वाटते. पण आता साखर नाही, म्हणून सगळे पाणी इथेनॉलच्या खात्यावर. नीती आयोगाचा आकडा एका लिटरला २,८६० लिटर पाणी असा आहे. आपल्या एका टाकीमागे ५,७२० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरचा निम्म्याहून जास्त.

तिसरा हिशेब, मका : टनभर मक्यातून साधारण ३८० लिटर. दोन लिटरला पाच किलोहून थोडा जास्त मका. पाणी उसापेक्षा खूप कमी, आणि उरलेला चोथा जनावरांना, कोंबड्यांना चालतो. पण तोच मका कोंबडीचे मुख्य खाद्य आहे. २०२३-२४ मध्ये मका हा इथेनॉलचा सर्वात मोठा स्रोत बनला, मक्याचा भाव चढला, आणि एकेकाळी मका निर्यात करणारा आपला देश आयात करू लागला. मका पिकवणाऱ्याला चांगला भाव मिळाला, पोल्ट्रीवाला ओरडू लागला. शिवाय तो चोथा स्वस्तात बाजारात आल्यामुळे सोयापेंडीची मागणी दबली, आणि त्याची झळ आपल्या मराठवाडा-विदर्भातल्या सोयाबीनवाल्याला लागली. एका पिकाला दिलेला हात दुसऱ्या पिकाच्या खिशात कसा जातो बघा.

चौथा हिशेब, काडीकचरा : हरियाणात पानिपतला इंडियन ऑइलचा भाताच्या काडापासून इथेनॉल बनवण्याचा प्रकल्प ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झाला. तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज कंपनीचे. वर्षाला दोन लाख टन काड आणि तीन कोटी लिटर इथेनॉल अशी त्याची रचना आहे, म्हणजे टनाला १५० लिटर. आपल्या दोन लिटरला १३ किलो काड लागेल, जे नाहीतर शेतातच पेटवले जाते. हे सगळ्यात छान. अडचण एवढीच की सेल्युलोज फोडून त्याची साखर करणे अवघड आहे, लिग्निन मध्ये येते, एन्झाइम महाग पडतात, आणि फुगीर काड गोळा करून वाहून आणणे हेच मोठे काम होऊन बसते.

आता खरी गोष्ट. २० टक्के मिश्रणाला देशात वर्षाला किती इथेनॉल लागते? नीती आयोगाचा अंदाज होता १,०१६ कोटी लिटर. देशातले सगळे कारखाने मिळून ३० कोटी टनांच्या आसपास ऊस गाळतात. टनाला १० लिटर धरले तर मळीतून मिळणार ३०० कोटी लिटर. त्यातलेही काही दारूला आणि केमिकल कारखान्यांना जाते. म्हणजे उपपदार्थातून आपण फार तर ५ टक्क्यांच्या मिश्रणापर्यंत पोचतो. २००३ मध्ये सुरुवात ५ टक्क्यांनी झाली होती हे आठवा. त्यापुढचा जवळजवळ प्रत्येक टक्का रसातून, अर्धवट साखर काढलेल्या बी-हेवी मळीतून किंवा धान्यातून, म्हणजेच शेतातून आणि पाण्यातून आणावा लागतो. माझ्या मते ह्या वादाची मेख इथे आहे. पहिले ५ टक्के आणि पुढचे १५ टक्के ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण दोन्हींना एकाच नावाने हाक मारतो.

महाराष्ट्रात हा मुद्दा जास्त टोचतो. राज्यात पिकाखालच्या क्षेत्राच्या ४ टक्क्यांच्या आसपास ऊस आहे आणि तो सिंचनाचे सुमारे ७० टक्के पाणी घेतो, हा आकडा कृषिमूल्य आयोगाच्या अहवालांतून अनेकदा आलेला आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. ती पाण्याची गाडी निघाली मिरजेहून. जिथे इथेनॉलच्या पेट्रोलचा पहिला प्रयोग झाला, त्याच मिरजेहून. आणि लातूर भागात साखर कारखाने आहेतच. ब्राझीलचे उदाहरण देताना आपण विसरतो की साओ पावलोकडचा बहुतेक ऊस पावसावर येतो, आपला येतो तो पाटाच्या आणि विहिरीच्या पाण्यावर.

निसर्गही मधून मधून आठवण करून देतो. २०२३ मध्ये पाऊस कमी झाला, साखर कमी पडेल अशी भीती वाटली, आणि ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने रसापासून इथेनॉल करण्यावर एकदम बंदी आणली. आठवड्याभरात ती थोडी सैल केली आणि पुढच्या हंगामासाठी उठवली, पण ज्यांनी कर्ज काढून डिस्टिलरी उभी केली होती त्यांची झोप उडाली. पाऊस कमी तर इंधन कमी, असा हा धंदा आहे.

दोन धडे : ब्राझील आणि मोगली एरंड

ब्राझीलने १९७३ च्या तेलसंकटानंतर १९७५ मध्ये 'प्रोआल्कूल' कार्यक्रम काढला. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक निव्वळ अल्कोहोलवर चालणाऱ्या होत्या. मग तेल स्वस्त झाले, साखरेचा भाव चढला, कारखाने साखरेकडे वळले, आणि १९८९ च्या सुमारास पंपांवर अल्कोहोल मिळेना. लोकांचा विश्वास उडाला. तो परत यायला २००३ उजाडले, जेव्हा पेट्रोल आणि अल्कोहोल कुठल्याही प्रमाणात चालणारी फ्लेक्स गाडी आली. धडा काय? ग्राहकाला निवड द्या. आपल्याकडे जुनी गाडी असलेल्या माणसाला कमी इथेनॉलचे साधे पेट्रोल सहज मिळत नाही, ही रास्त तक्रार आहे.

दुसरा धडा घरचा. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने मोगली एरंडावर मोठी योजना मांडली. पडीक जमिनीवर एक कोटी हेक्टरहून अधिक लागवड करायची आणि २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के बायोडिझेल मिसळायचे. ३१ डिसेंबर २००२ ला दिल्ली-अमृतसर शताब्दी ५ टक्के बायोडिझेलवर चालवून झाली होती. वातावरण असे होते की बांधावर काडी खोचा आणि तेल मिळवा. प्रत्यक्षात काय झाले? झुडूप पडीक जमिनीवर जगले, पण बिया फारच कमी आल्या. बी हवे तर खत आणि पाणी पाहिजे, आणि खत-पाणी असेल तर शेतकरी दुसरे पीक का घेणार नाही? पेंड विषारी, जनावरांना चालत नाही. तेल कंपन्यांचा खरेदी दर सुरुवातीला लिटरला २५ रुपये, उत्पादनखर्च त्याहून जास्त. शेवटी झाडे उपटली गेली. आजही डिझेलमध्ये बायोडिझेलचे प्रमाण एका टक्क्याच्या आत आहे. झाड तगणे आणि पीक येणे यात फरक आहे, हे वनस्पतिशास्त्राच्या सरांना विचारले असते तरी कळले असते.

मग पुढे काय?

आणखी एक तुलना करून बघा. हेक्टरी ८० टन ऊस धरला आणि सगळा रस इथेनॉलला दिला, तर ५,६०० लिटर मिळतात. त्यातली ऊर्जा होते सुमारे ३३,००० युनिट. एक मेगावॅटच्या सौर प्रकल्पाला साधारण दोन हेक्टर जागा लागते आणि वर्षाला १५ लाख युनिट मिळतात, म्हणजे हेक्टरी साडेसात लाख. वीस पटींहून जास्त, आणि त्याला पाणी लागते ते फक्त काचा पुसायला. वर इंजिन त्या ऊर्जेतली पाऊण वाया घालवते, मोटर फारशी घालवत नाही. झाड सूर्यप्रकाशाची जेमतेम एखादा टक्का ऊर्जा साठवते, त्याला ते तरी काय करणार!

मग वनस्पतीजन्य इंधन सोडून द्यायचे का? मुळीच नाही. शहरातली स्कूटर बॅटरीवर जाईल. पण विमान, लांब पल्ल्याचा ट्रक, जहाज यांना बॅटरीचे वजन झेपत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये डेहराडून-दिल्ली विमान मोगली एरंडाच्या तेलापासून केलेले २५ टक्के इंधन घालून उडाले, आणि मे २०२३ मध्ये पुणे-दिल्ली विमानात देशी बनावटीचे जैवइंधन वापरले गेले. मर्यादित चांगली वस्तू जिथे दुसरा पर्याय नाही तिथे वापरावी, हे साधे शहाणपण आहे. पिकांतही पर्याय आहेत. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गोड ज्वारीवर अनेक वर्षे काम करून 'मधुरा' हे वाण दिले : कणसातले दाणे खायला, ताटातला रस इथेनॉलला, चिपाड जनावराला, आणि पाणी उसापेक्षा कितीतरी कमी.

आपण काय करू शकतो?

सुरुवात आपल्या मेसपासून होऊ शकते. वडे-पुऱ्या तळून काळे झालेले तेल पुन्हा पुन्हा वापरणे तब्येतीला वाईट. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलातील ध्रुवीय संयुगांची मर्यादा २५ टक्के ठरवली आहे आणि असे तेल बायोडिझेलसाठी गोळा करण्याची योजनाही काढली आहे. तिसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टला हा विषय झकास आहे. पद्धत अशी :

१) तेल गाळून घ्या, १०० अंशांच्या वर तापवून पाणी घालवा, मग गार होऊ द्या.
२) १ मिली तेल १० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये घेऊन, लिटरला १ ग्रॅम कॉस्टिकच्या द्रावणाने टायट्रेट करा. फिनॉल्फ्थेलिन गुलाबी व्हायला जितके मिली लागतील, तितके ग्रॅम कॉस्टिक प्रत्येक लिटर तेलाला जास्त.
३) मूळ ३.५ ग्रॅम अधिक हे जास्तीचे, एवढे कॉस्टिक २०० मिली मिथेनॉलमध्ये विरघळवा. तेल ५५ अंशांवर ठेवून त्यात मिसळा आणि तासभर ढवळा.
४) रात्रभर ठेवा. खाली ग्लिसरॉल, वर बायोडिझेल. वरचा थर पाण्याने हलक्या हाताने धुऊन वाळवा.
५) व्हिस्कॉसिटी आणि फ्लॅश पॉइंट काढा, मग लॅबच्या सिंगल सिलिंडर इंजिनावर १० आणि २० टक्के मिश्रणाची चाचणी घ्या.

एक सूचना कळकळीची : मिथेनॉल विषारी आहे, झटकन पेट घेते आणि त्याची ज्योत उजेडात दिसत नाही. हा प्रयोग सरांच्या देखरेखीखाली लॅबमध्येच, फ्यूम हुडखाली, गॉगल आणि ग्लोव्ह्ज घालून करायचा. हॉस्टेलच्या रूमवर हीटर लावून करायचा नाही, आधीच सांगून ठेवतो.

यातून किती बायोडिझेल निघेल? मेसच्या जनरेटरला थोडाफार हातभार लागेल, एवढेच. पण कचऱ्यापासून इंधन म्हणजे काय, ते किती मिळते आणि किती नाही, हे हाताने केल्यावर जे कळते ते नुसते वाचून कळत नाही.

थोडक्यात सांगायचे तर, पुढे तुमच्यापैकी कोणी डिस्टिलरीत जाईल, कोणी चाकणला इंजिन कॅलिब्रेट करेल, कोणी घरची शेती बघेल. वनस्पतीजन्य इंधनाची कुठलीही योजना समोर आली की चार प्रश्न विचारा. हे झाडाच्या कुठल्या भागापासून बनते, खाण्याच्या की टाकाऊ? पाणी कोणाच्या वाट्याचे? एक एकक ऊर्जा घातली तर किती मिळते? आणि ज्या वाहनात हे घालणार, त्याला दुसरा चांगला पर्याय आहे का? चारही उत्तरे बरी आली तर खुशाल पाठिंबा द्या. एखादे जरी अडले, तर जाहिरात कितीही हिरवी असो, कॅल्क्युलेटर काढा. आणि टायट्रेशनला कोणाला पार्टनर हवा असेल तर जरूर भेटा!